'सोडणे' हिंदीतून आलंय का? आणि गाठ सोडायची की सोडवायची?

विचारणाऱ्या ताई लहान मुलांसाठी गोष्टींचा अनुवाद करतात. इंग्रजी गोष्टीत बांधलेलं उघडण्याचं एकच क्रियापद चार ठिकाणी आलंय, गाठोडं, शर्टाचं बटण, कमरेचा पट्टा आणि जाळ्यात अडकलेला पक्षी, आणि त्यांनी चारही ठिकाणी 'सोडणे' वापरलं. तपासणाऱ्याने दोन ठिकाणी लाल खूण केली आणि वर शेरा मारला की 'सोडणे' हे मुळात हिंदी 'छोडना'चं रूप आहे, जमेल तिथे टाळा. तर त्यांचे प्रश्न दोन, शब्द खरंच हिंदीतला आहे का, आणि चारपैकी कुठे काय लिहायचं.

मी पंचवीसेक वर्षं मुद्रितशोधन, संपादन आणि थोडंफार कोशाचं काम करतोय, हा शब्द हातातून किती वेळा गेला असेल त्याला गणतीच नाही. आधी तो शेरा निकालात काढतो कारण तो साफ चूक आहे, आणि का चूक आहे ते पाहण्यात खरी गंमत आहे.

'सोडणे' आणि 'छोडना' हे सख्खे भाऊ आहेत, एक दुसऱ्याचा मुलगा नाही. दोघांची आई प्राकृत. तिथे 'छुट्टइ' म्हणजे सुटतो आणि 'छोडेइ' म्हणजे सोडतो अशी जोडी होती. हिंदीने आणि गुजरातीने तो 'छ' तसाच ठेवला, मराठीने त्याचा 'स' केला. आणि हे एकट्या याच शब्दात झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण एकदा बघायला लागलं की रांगच लागते. हिंदी छुरी, मराठी सुरी. छाल, आपली साल. पूछना, आपलं पुसणे (विचारणे या अर्थाचं). कछुआ, आपलं कासव, मूळ कच्छप. हिंदीत छह, आपल्याकडे सहा. मच्छ आणि मासा. छाया आणि सावली. संस्कृत इक्षु, प्राकृतात उच्छु, आपल्याकडे ऊस. आणि त्या 'छ'पुढे इ किंवा ए आला की स-ऐवजी श, म्हणजे छींक ची शिंक, मच्छिआ ची माशी, छेत्त चं शेत. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने मराठीच्या घडणीवर जे पुस्तक लिहिलं (१९२० सालचं) त्यात हा नियम व्यवस्थित मांडलाय, आणि आजही मराठीला शेजारच्या भाषांपासून वेगळं काढायचं तर ज्या दोनचार खुणा दाखवतात त्यात ही एक असतेच.

म्हणजे झालं काय, की 'सोडणे'तला स हाच त्याचा जन्मदाखला. हिंदीतून उचलला असता तर तो 'छोडणे' असाच राहिला असता, जसं छाननी, छापा, छत हे छ घेऊन आले आणि छ घेऊनच राहिले. मराठी कोशात छ चं प्रकरण उघडून बघा, किती लवकर संपतं! जे आहेत त्यातले बरेचसे एकतर संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले (छंद, छत्र) नाहीतर शेजाऱ्यांकडून आलेले. घरचे छ कधीच स किंवा श होऊन दुसऱ्या पानांवर राहायला गेले. त्यामुळे कुणी 'सोडणे'ला हिंदी म्हणालं की मी त्याला आधी सुरी, साल आणि सहा हे तिन्ही मराठीतून बाहेर काढायला सांगतो.

प्राकृताच्याही मागे जायचं तर संस्कृतात 'छुट्' धातू दाखवतात, अर्थ कापणे. बंध कापला की वस्तू मोकळी होते, हे मनाला पटतंही. पण संस्कृत वाङ्मयात सोडण्यासाठी हा धातू सहसा कोणी वापरत नव्हतं, तिथे राज्य होतं 'मुच्'चं, मुक्त, मोक्ष, मोचन वगैरे. 'सोडणे' बोलीतल्या लोकांचा शब्द, विद्वानांच्या पंगतीला तो बसला नाही, आणि तरी टिकला तोच. मुच् चं मराठीत काय झालं ते बघा, मुक्त चं प्राकृतात मुक्क झालं आणि त्यातून आपलं 'मुकणे' आलं, प्राणाला मुकला, नोकरीला मुकला. मोकळं होण्याचा शब्द गमावण्याचा झाला! त्याच घरातला 'मोकळा' मात्र आनंदात आहे. आणि आपण "केस मोकळे सोडले" म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात दोन्ही घराणी शेजारी शेजारी बसलेली असतात, मुच् चं आणि छुट् चं. मला हे वाक्य फार आवडतं, दरवेळी वाचताना थांबतो.

याच ओळीत आणखी एक शब्द सांगायलाच हवा, 'सांडणे'. आज सांडणे म्हणजे दूध सांडलं, पाणी सांडलं एवढंच, पण जुन्या मराठीत टाकून देण्याला, सोडून देण्याला हाच नेहमीचा शब्द होता. पसायदानात "खळांची व्यंकटी सांडो" म्हटलंय ते आपण सगळे शाळेपासून पाठ म्हणत आलोय, तिथे काही ओतायचं सांडायचं नाहीये, दुष्टांचा वाकडेपणा सुटावा असं मागणं आहे. हा 'सांडणे'सुद्धा छ मधूनच आलेला, प्राकृतातला छड्ड किंवा छंड. हेमचंद्राने १२व्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं त्यात मुच् च्या जागी बोलीत कोणकोणते धातू येतात त्याची यादी दिली आहे आणि तिच्यात पहिलाच छड्ड आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात (ज्ञानेश्वरी १२९० ची) सोडण्याच्या कामावर सांडणे जोरात होतं, पुढे हळूहळू 'सोडणे'ने ते काम घेतलं आणि सांडणेकडे फक्त फरशीवरचं दूध राहिलं.

आता सुटणे आणि सोडणे, इथे ट आणि तिथे ड का? हा प्रश्न ताईंनी विचारलेला नाही पण कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे. आपोआप होतं तिथे ट, कुणी करतं तिथे ड. प्राकृतात आपोआपवाल्या रूपात जोड ट्ट होता (तुट्टइ, फुट्टइ, छुट्टइ) आणि करण्याच्या रूपात तो सुटा ट. दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ट मऊ होऊन ड झाला, घोटक चा घोडा, वट चा वड, कटु चं कडू, अगदी तसंच. जोड ट्ट मात्र दणकट, तो मऊ झाला नाही, पुढे एक ट गळून नुसता ट उरला, जशी वट्ट ची वाट. आणि जिथे ट ड ची भानगडच नव्हती तिथे हाच फरक आपण स्वर लांबवून दाखवतो, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे. एवढंच.

एकदा एका गृहस्थांनी मला फार गंभीरपणे सांगितलं होतं की 'सोडणे' आणि इंग्रजी 'शूट' एकच आहेत कारण बाण सोडणे. मी चहा संपवला आणि उठलो.

बरं, अर्थाकडे. 'सोडणे'च्या पोटात एकच चित्र आहे, कशाने तरी धरून ठेवलेलं आहे आणि ती पकड काढली. पकड दोरीची असेल, हाताची असेल, मालकीची असेल, सवयीची असेल, कशाचीही. नाडी सोडली, अंबाडा सोडला, दाव्याची गाय सोडली, धरणाचं पाणी सोडलं, नोकरी सोडली, तंबाखू सोडली, उपास सोडला, आशा सोडली. उपासाचंच बघा, उपास आपण मोडतो तेव्हा तो वेळेआधी खाल्ला म्हणून मोडतो, आणि वेळ झाल्यावर रीतसर खाल्लं की सोडतो. स्वतःला स्वतःच बांधून घेतलेलं असतं, म्हणून गाठ सोडल्यासारखं सोडायचं. आणि 'सोडमुंज' हा शब्द तर नुसता उच्चारला तरी चित्र दिसतं, मुंजीत कमरेला बांधलेली मुंज गवताची मेखला ब्रह्मचर्य संपताना सोडायची, म्हणून सोडमुंज. सोडचिठ्ठी त्याच चालीवरची, गाठ मारलेली ती सोडल्याची चिठ्ठी. कशावर तरी पाणी सोडणे यात मात्र दोरी नाही, दान देताना हातावरून उदक सोडतात, ते सोडलं की वस्तूवरचा हक्क गेला, म्हणून "त्या पैशांवर पाणी सोडलं".

'सुटणे'ची बाजू मला जास्त श्रीमंत वाटते. धरलेलं असताना आपोआप मोकळं झालं की सुटलं. वारा सुटला, जणू कुठेतरी बांधून ठेवला होता. घाम सुटला, खाज सुटली, कंप सुटला, वास सुटला, तोंडाला पाणी सुटलं, सगळं आतून, आपल्याला न विचारता. पोट सुटलं, याच्याइतकं नेमकं आणि निर्दय वाक्य दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. शाळा सुटली, म्हणजे शाळेने पोरं धरून ठेवली होती आणि आता पकड गेली. रेसिपीत "मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता" लिहितात, तिथेही तेच, मसाल्याने धरलेलं तेल मोकळं झालं. गणित सुटलं, कोडं सुटलं, इथे गणिताला गाठ समजलोय आपण. मग सुटे पैसे (नोटेच्या बंधनातून मोकळे), सुटं पान, सुटका, सूट, सुटसुटीत आणि सुटी. 'सुटी' की 'सुट्टी' यावर लोक भांडतात, माझं मत असं की सुटी हे मराठी वळणाचं रूप, कारण जोड ट्ट आपण एकेरी करतो ते वर आलंच, आणि सुट्टीमधल्या जोरावर हिंदी छुट्टीची सावली पडली असावी. पण दोन्ही रूढ आहेत, मी कुणाची सुट्टी कापत नाही.

आता कामाचा भाग, सोडणे की सोडवणे. इथे भलेभले घसरतात आणि ताईंच्या त्या लाल खुणांपैकी एक इथलीच आहे.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे, की ज्याच्या हातात पकड आहे तो सोडतो, आणि दुसऱ्याच्या पकडीतून जो काढतो तो सोडवतो. पोलिसांनी त्याला सोडलं, वकिलाने त्याला सोडवलं. मांजराने उंदीर सोडला, पण मी मांजराच्या तोंडून उंदीर सोडवला. आईने मुलाचा हात सोडला, मुलाने आईच्या मुठीतून हात सोडवला. बघा, हात तोच आहे, पकडही तीच. दोन पोरं मारामारी करतायत त्यांना आपण सोडवतो, सोडत नाही, कारण त्यांनी एकमेकांना धरलंय, आपण कुणालाच धरलेलं नाही. गहाण ठेवलेले दागिने सावकार सोडत नाही, आपण सोडवून आणतो.

मग गाठ? गाठ दोन्ही चालते आणि फरक कळायला एकदा हातात दोरी घ्यावी. सरकगाठ आहे, एक टोक ओढलं की खळकन मोकळी, ती आपण सोडतो. तिच गाठ ओली होऊन बसली, नख आत जात नाही, दात लावून झाले, सुईने कोरून एक पदर वर काढला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा आत गेला म्हणून शिवी हासडली, ती गाठ आपण सोडवली. म्हणजे गाठीने धरून ठेवलं, तिच्या इच्छेविरुद्ध आपण काढलं. म्हणूनच 'गुंता' नेहमी सोडवायचाच असतो. "गुंता सोड" असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल जाऊ दे तो गुंता, नाद सोड. कोडं, गणित, प्रश्न, तंटा यांचंही तसंच, परीक्षेत प्रश्न सोडवला तर मार्क आणि सोडला तर शून्य. एका व चा खेळ आहे, आणि एका अभ्यासाच्या पुस्तकात "खालील प्रश्न सोडा" छापून गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, माझ्याच हाताखालून गेलं होतं, कोणत्या पुस्तकात ते सांगत नाही. पोरं खूश झाली असणार.

यात अजून एक खोडी आहे. 'सोडवणे' हे प्रयोजक रूप झालं, पण मराठीत शक्य क्रियापदाचं रूपही असंच दिसतं, बसवत नाही, खाववत नाही, तसं सोडवत नाही. त्यामुळे "तो गणित सोडवत नाही" म्हणजे आळशी आहे, पेन्सिल उचलत नाही, आणि "त्याला गणित सोडवत नाही" म्हणजे गणिताच्या प्रेमात पडलाय, सोडावंसं वाटत नाही. तो चा त्याला झाला की आळशाचा भक्त होतो. अनुवाद करताना अशा जागी वाक्य मोठ्याने वाचून बघा, डोळ्याला न दिसलेलं कानाला कळतं.

आता उरलेली क्रियापदं, कारण सगळीकडे सोडणे घालता येत नाही हे त्या तपासणाऱ्याचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त त्यामागचं कारण त्याने चुकीचं दिलं. मराठीत इंग्रजीसारखा क्रियापदाला चिकटवून काम उलटं करणारा असा सरसकट उपसर्ग नाही. संस्कृतातला उत्/उद् काही शब्दांत गोठून राहिलाय, शिवणेच्या उलट उसवणे (त्यात सिव् म्हणजे शिवणेच लपलंय), उद्घाट वरून उघडणे. बाकी ठिकाणी वस्तू कशाने बंद केली होती त्यावर मोकळं करायचं क्रियापद ठरतं. बांधलं असेल तर सोडायचं, लावलं असेल तर काढायचं, मिटलं किंवा झाकलं असेल तर उघडायचं, गुंडाळलं असेल तर उलगडायचं, शिवलं असेल तर उसवायचं. कडी लावतो म्हणून कडी काढतो. बटण लावतो म्हणून बटण काढतो, कुलूप लावतो पण उघडतो (काढतोही, पण मग ते कुलूप हातात येतं). 'खोलणे' मी मेकॅनिकसाठी राखून ठेवतो, इंजिन खोललं, पंप खोलला, म्हणजे पार्ट सुटे केले. दार खोल, खातं खोल हे बोलण्यात काही भागात सर्रास आहे, त्याला माझी हरकत नाही, पण पुस्तकात पात्र तिकडचं नसेल तर मी दार उघडतोच.

तर ताई, तुमची चार वाक्यं.

गाठोडं. "आजीने गाठोडं सोडलं" एकदम बरोबर, लाल खूण पुसून टाका. बांधलेलं आहे, सोडायचंच आहे. फक्त "आजी गाठोडं सोडून गेली" असं होऊ देऊ नका, मग ते स्टेशनवर राहिलं असा अर्थ होतो.

बटण. इथे "शर्टाची बटणं काढली" जास्त सहज. कुणाला भीती वाटते की मुलांना बटणं उपटून काढली असं वाटेल, नाही वाटत, रोज आईच्या तोंडून ऐकतात ती. "वरचं बटण सोडलं" हेही म्हणतात, विशेषतः उकडतंय म्हणून एकच मोकळं केलं असेल तेव्हा.

पट्ट्याला दोन्ही चालतात पण चित्र वेगळं होतं. पट्टा सोडला म्हणजे बक्कल मोकळं केलं, पट्टा अजून पँटमध्येच लोंबतोय, भरपेट जेवल्यावर करतात तसं. पट्टा काढला म्हणजे सर्रकन ओढून हातात घेतला, आणि गोष्टीत वडील असतील तर मुलं पुढच्या ओळीला घाबरतील. तुमच्या गोष्टीत काका जेवून आडवे होतायत, म्हणजे सोडला ठेवा.

आणि पक्षी. दुसरी लाल खूण इथे होती आणि ती अर्धी बरोबर आहे. "मुलीने जाळ्यातून पक्षी सोडला" वाचलं की वाटतं जाळं तिनेच लावलं होतं आणि आता दया आली. "सोडवला" लिहिलं की जाळं पारध्याचं आणि ती मदतीला धावली. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात जाळं कोणी लावलं ते कुठेच नाहीये, मागचं पान बघून ते आधी ठरवा आणि मग तो व घाला किंवा काढा.